रोज रात्री नऊनंतर पॅकेट गाळणारा राउटर: पोर्टांवर जागा, प्रोसेसरला उसंत, तरी अडते कुठे?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहसंकुलांना इंटरनेट जोडणी देणाऱ्या एका लहान सेवादात्याचे नेटवर्क मी सांभाळतो. आमचा मुख्य राउटर वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात आहे. तो तयार विकत मिळणारा राउटर नसून लिनक्स चालवणारा, वापरलेला म्हणून घेतलेला सर्व्हर आहे आणि त्यात १० गिगाबिटचे दोन-दोन पोर्ट असलेली दोन नेटवर्क कार्डे बसवलेली आहेत. एका कार्डावर दोन पुरवठादारांकडून आलेले दोन अपलिंक (बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या तारा) आणि दुसऱ्या कार्डावर ग्राहकांच्या बाजूचे दोन मोठे स्विच, अशी मांडणी आम्ही सुरुवातीला केली, कारण ती कागदावर नीटनेटकी दिसत होती. हा नीटनेटकेपणाच पुढे आम्हाला नडला, परंतु ते ध्यानात यायला तीन महिने गेले.

लक्षणे अशी होती. रात्री सव्वानऊच्या सुमारास पॅकेटांची, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या लहान तुकड्यांची, गळती सुरू व्हायची आणि साडेअकरानंतर आपोआप थांबायची. गळती एक ते दोन टक्क्यांची असे. एवढ्या गळतीत संकेतस्थळे उघडतात, चित्रपटही चालतो, मात्र व्हिडिओ कॉलवरचा आवाज तुटतो आणि ऑनलाइन खेळ खेळणारी मुले आईवडिलांना आमचा नंबर लावायला सांगतात. रविवारी आणि क्रिकेटचा सामना असलेल्या दिवशी हाच प्रकार अर्धा-पाऊण तास आधी सुरू होई. राउटर रीस्टार्ट केला की बीजीपी (पुरवठादारांशी मार्गांची देवाणघेवाण करणारी प्रणाली) पुन्हा उभी राहीपर्यंत काही मिनिटे जात, तोवर बरेच ग्राहक कंटाळून मोबाइल डेटावर गेलेले असत, त्यामुळे राउटर परत आल्यावर भार कमी असे आणि गळतीही नसे. ‘रीस्टार्ट केला की बरा होतो’ हा समज आमच्यात पक्का झाला तो असा. रात्रपाळीचा मुलगा तर पुढे पुढे फोनवर ‘सर, परत’ एवढेच म्हणून थांबायचा.

सुरुवातीला आम्ही जे केले, ते बहुतेक जण करतील. एसएफपी (फायबर ज्यात खोचतात ती मॉड्यूल) बदलले, पॅचकॉर्ड (जोडणीच्या लहान तारा) बदलल्या, फायबरमधील प्रकाशाची पातळी पाहिली. ती उणे ६ डीबीएमच्या आसपास होती, म्हणजे लांब पल्ल्याच्या १० गिगाबिट मॉड्यूलसाठी उत्तम. सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडून आलेली पॅकेटे) शून्य होत्या, त्यामुळे फायबरचा दोष नव्हता हे खरे तर पहिल्याच आठवड्यात मान्य करायला हवे होते. त्यानंतर दोन्ही पुरवठादारांशी वाद घालून झाला. दोघांनीही आपापल्या पोर्टाचा आलेख पाठवला, आणि आलेख त्यांच्या बाजूने होता: १० गिगाबिटच्या पोर्टावर एकाकडे ६.८ आणि दुसऱ्याकडे ६.१ गिगाबिट. तिसरा टप्पा लिनक्सच्या सेटिंग्जचा होता. कार्डाची रिंग (पॅकेटे उतरवण्यासाठी मेमरीत राखलेल्या जागांची रांग) ५१२ वरून ४०९६ केली, इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेल्या हाका) प्रोसेसरच्या चारही कोरवर वाटून दिले, रांगांची लांबी वाढवली. यांतला प्रत्येक बदल आम्ही रात्री एकनंतर करत असू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सुरळीत दिसे. सकाळी सुरळीत दिसणारच होते, कारण सकाळी ते कधी बिघडतच नव्हते.

आता तपासाच्या मुख्य भागाकडे येतो. गळती नेमक्या कोणत्या ठिकाणी होते हे इथटूल या लिनक्सच्या आज्ञेने मिळणाऱ्या आकडेवारीत दिसते, परंतु ती आकडेवारी गळती सुरू असताना, दर दहा सेकंदांनी, वाचायला हवी; सकाळी बघितलेली एकूण बेरीज काही सांगत नाही. आमची कार्डे इंटेलच्या ८२५९९ या चिपवरची, म्हणजे एक्स५२० मालिकेतील आहेत. अपलिंकच्या दोन्ही पोर्टांवर ‘आरएक्स मिस्ड एरर्स’ हा आकडा सव्वानऊला चढू लागे आणि साडेअकराला स्थिर होई. या आकड्याचा अर्थ असा की पॅकेट तारेवरून कार्डापर्यंत नीट पोचले, कार्डाने ते आपल्या अंगच्या बफरमध्ये घेतले, पण तेथून सर्व्हरच्या मेमरीत उतरवायला जागा किंवा वाट मिळाली नाही आणि मागून येणाऱ्यांना टाकून द्यावे लागले. ८२५९९ मध्ये येणाऱ्या पॅकेटांसाठी प्रत्येक पोर्टामागे जास्तीत जास्त ५१२ किलोबाइट बफर असतो. १० गिगाबिटच्या वेगाने तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच भरतो, म्हणजे पुढची वाट क्षणभर जरी अडली तरी गळती अटळ आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. हा आकडा वाढला म्हणजे दोष बसचाच (कार्ड आणि प्रोसेसर यांच्या मधल्या वाटेचाच), असे नाही. प्रोसेसरने रिंगमधील जागा वेळेवर मोकळी करून दिली नाही, तरीसुद्धा हाच आकडा वाढू शकतो. म्हणून त्याच वेळी प्रत्येक कोर वेगवेगळा पाहावा. सरासरी पाहू नये. पीपीपीओईचे (ग्राहकाच्या लॉगिनची जोडणी, जिच्या वेष्टनात त्याची पॅकेटे जातात) ट्रॅफिक थेट अशा कार्डावर येत असेल, तर कार्डाला आतला आयपी पत्ता ओळखून पॅकेटांची वाटणी करता येत नाही, सगळी पॅकेटे एकाच रांगेत पडतात, एक कोर शंभर टक्क्यांवर जातो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. सरासरी मात्र पंचवीस टक्के दिसते. आमच्याकडे पीपीपीओई वेगळ्या यंत्रावर सुटते आणि नॅटही (पत्त्यांची अदलाबदल) तिसरीकडे होते. या राउटरवर फक्त मार्ग ठरवण्याचे काम आहे. गळतीच्या ऐन वेळी चारही कोरवर तीस-पस्तीस टक्के उसंत शिल्लक होती आणि एकही कोर भरलेला नव्हता. रिंग आठपट करूनही गळतीत काहीच फरक पडला नव्हता, हेही आता वेगळ्या अर्थाने उपयोगी पडले: रिंग मेमरीत असते, आणि पॅकेटे मेमरीपर्यंत पोचतच नव्हती.

त्या रात्री पहिल्यांदा मी दोन्ही अपलिंकच्या आकड्यांची बेरीज केली. एकेकटा पोर्ट पाहिला तर ६८ आणि ६१ टक्के, मिळून १२.९ गिगाबिट. मागच्या पंधरा दिवसांचे आलेख त्याच नजरेने पाहिल्यावर असे दिसले की बेरीज साडेबारा गिगाबिटच्या वर गेली की गळती सुरू होते आणि खाली आली की थांबते. कोणत्या पोर्टावर किती आहे याचा तिच्याशी संबंध नाही. दोन स्वतंत्र तारा, दोन स्वतंत्र पुरवठादार, आणि तरीही मर्यादा मात्र दोघांची मिळून एकच. अशी सामाईक मर्यादा कार्ड आणि प्रोसेसर यांच्या मधल्या वाटेतच असू शकते.

ती वाट पाहण्यासाठी एलएसपीसीआय ही, यंत्रातली कार्डे आणि त्यांच्या जोडण्या दाखवणारी आज्ञा दोन ‘व्ही’ जोडून चालवावी, आणि रूट (प्रशासक) म्हणूनच चालवावी, नाहीतर नेमक्या हव्या असलेल्या ओळी लपवल्या जातात. दोन ओळी शेजारी ठेवून वाचायच्या: एकीत कार्डाची क्षमता असते, दुसरीत प्रत्यक्षात जुळलेली लिंक. ग्राहकांच्या बाजूच्या कार्डावर दोन्ही ओळी सारख्या होत्या, ५ गिगाट्रान्सफर (एका लेनवर सेकंदाला ५ अब्ज बिट) आणि आठ लेन; लेन म्हणजे या वाटेतला एक पदर. अपलिंकच्या कार्डावर पहिल्या ओळीत आठ लेन होत्या आणि दुसऱ्या ओळीत चार.

मान खाली घालायला लावणारी गोष्ट याच्यापुढची आहे. सर्व्हर सुरू होतानाचा लॉग उघडला, तर कार्डाच्या ड्रायव्हरने प्रत्येक वेळी स्वतःहून लिहून ठेवले होते की या कार्डाला १६ गिगाट्रान्सफर एवढीच बँडविड्थ मिळत आहे, ती पुरेशी नाही, किमान २० हवी आणि जास्त लेनचा स्लॉट वापरावा. तीन महिन्यांत आम्ही ते यंत्र वीस-पंचवीस वेळा रीस्टार्ट केले असेल, म्हणजे तितक्या वेळा ते आम्हाला सांगितले गेले होते.

मग स्लॉटचा शोध. कार्ड ज्या स्लॉटात होते तो लांबीने आठ लेनचा आहे, कार्ड त्यात अगदी घट्ट आणि पूर्ण बसते. सर्व्हर बंद करून, कार्ड काढून, टॉर्चच्या प्रकाशात स्लॉटात पाहिले तर पितळी रंगाच्या पट्ट्या अर्ध्या लांबीपर्यंतच होत्या. त्यापुढे नुसते प्लॅस्टिक. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे छापलेले असते, पण मोठ्या अक्षरांत ‘८ लेन स्लॉट’ आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत ‘४ लेनचा सिग्नल’ अशा पद्धतीने. स्लॉटची लांबी ही कार्ड बसेल की नाही एवढेच सांगते; आत किती तारा आल्या आहेत हे सांगत नाही. कार्ड आपली लिंक मुकाट्याने चार लेनवर जुळवते, दिवा हिरवा लागतो, पिंग चालते, आणि भार चढेपर्यंत कोणालाही काही कळत नाही.

शिवाय हा स्लॉट प्रोसेसरला थेट जोडलेला नव्हता. आमचा सर्व्हर झिऑन ई३-१२०० व्ही३ या पिढीचा आहे. त्यात प्रोसेसरमधून तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डे जोडणाऱ्या याच बसच्या, फक्त १६ लेन निघतात, बाकीचे स्लॉट चिपसेटमधून (बोर्डावरच्या सहायक चिपमधून) येतात. एलएसपीसीआयचे झाडासारखे चित्र काढले की हे ओळखता येते: या कुळातील यंत्रांवर ‘००:०१’ पासून फुटणारी फांदी प्रोसेसरची आणि ‘००:१सी’ पासून फुटणारी चिपसेटची. आमचे अपलिंकचे कार्ड ‘१सी’ खाली लटकत होते. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यामधला डीएमआय २.० हा दुवासुद्धा दुसऱ्या पिढीच्या चार लेनएवढाच आहे आणि त्यावरूनच साटा डिस्क, यूएसबी आणि बोर्डावरचे एक गिगाबिटचे पोर्ट ये-जा करतात. म्हणजे या चिपसेटच्या स्लॉटाला समजा आठ लेन दिल्या असत्या, तरीही पुढची वाट तेवढीच अरुंद राहिली असती.

आता साडेबारा हा आकडा कुठून येतो ते पाहू, कारण नवे यंत्र निवडताना हाच हिशेब लागतो. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत एका लेनवर सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफर, दुसरीत ५, तिसरीत ८, चौथीत १६ आणि पाचवीत ३२ होतात. पहिल्या दोन पिढ्यांत ८ बिट पाठवायला १० बिट खर्ची पडतात, त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या एका लेनवर उपयोगाचे ४ गिगाबिट उरतात. तिसऱ्या पिढीपासून १२८ बिटांना १३० एवढाच खर्च असल्याने एका लेनवर जवळजवळ ७.९ गिगाबिट मिळतात. आमच्या चार लेनवर म्हणून १६ गिगाबिट, एका दिशेला. त्यातही माहिती लहान लहान गठ्ठ्यांत जाते. आमच्या लिंकवर एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त १२८ बाइट मावत होते आणि प्रत्येक गठ्ठ्याला शीर्षक, क्रमांक, तपासणीची बेरीज आणि चौकट धरून २० ते २४ बाइटांचा जादा खर्च होता. १५२ पैकी १२८ म्हणजे ८४ टक्के. १६ चे उरले साडेतेरा. त्यातून प्रत्येक पॅकेटामागे १६ बाइटांची नोंद मेमरीत लिहायची, पोच-पावत्या द्यायच्या, बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी मेमरीकडे मागण्या पाठवायच्या, हे सगळे वजा केले की बारा-साडेबाराच हाती राहतात. पॅकेटे जितकी लहान, तितका हा जादा खर्च डोईजड होतो. ६४ बाइटांची पॅकेटे १० गिगाबिटच्या पोर्टावर पूर्ण वेगाने आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार होतात, आणि अशा हल्ल्यात गिगाबिटच्या आलेखात काही दिसायच्या आतच बस गुदमरते.

दोष स्लॉटचा आहे, कार्डाचा नाही, याची खात्री करण्यासाठी आम्ही एका रात्री दोन्ही कार्डांची अदलाबदल केली, पण अपलिंकच्या तारा त्याच स्लॉटात आलेल्या कार्डाला लावल्या. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला गळती त्याच स्लॉटातल्या, आता वेगळ्या असलेल्या, कार्डावर हजर झाली. ही अदलाबदल टाळू नये. दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसून किंवा रायझर (कार्ड आणि बोर्ड यांच्यामधली जोडपट्टी) सैल होऊन आठ लेनची लिंक चारवर, कधी एकावरसुद्धा जुळते, आणि तेव्हा लक्षणे हुबेहूब अशीच असतात. त्यावर उपाय मात्र नवा सर्व्हर नसून पट्ट्या पुसून कार्ड पुन्हा बसवणे एवढाच असतो.

तात्पुरता उपाय एक पैसाही खर्च न करता झाला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या लिंकला दोन्ही दिशांना स्वतंत्र वाट असते. घरगुती ग्राहक घेतात पुष्कळ आणि पाठवतात थोडे, त्यामुळे दोन्ही अपलिंक एकाच कार्डावर ठेवले की त्या कार्डाची कार्डाकडून मेमरीकडे जाणारी वाट तुडुंब भरते आणि मेमरीकडून कार्डाकडे येणारी जवळपास ओस पडते. ग्राहकांच्या कार्डावर नेमके उलटे होते. जसे सकाळी ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि समोरून कर्जत-कसाऱ्याकडे जाणारी गाडी मोकळी धावते. आम्ही प्रत्येक कार्डावर एक अपलिंक आणि एक ग्राहकांचा पोर्ट अशी मांडणी केली. चार लेनच्या कार्डावर आता आत येणारे साडेसहा आणि बाहेर जाणारे साडेसहा गिगाबिट झाले, दोन्ही आपापल्या वाटेने. त्या रात्रीपासून आकडा चढला नाही. कार्ड तेच, स्लॉट तोच, फक्त दोन तारांची जागा बदलली.

हा उपाय कायमचा मात्र नव्हता. कासारवडवलीच्या बाजूची नवी संकुले जोडायची होती आणि १० गिगाबिटचे आठ पोर्ट लागणार होते. त्यासाठी सर्व्हर निवडताना आम्ही जो क्रम पाळला तो सांगतो.

आधी एका दिशेचा हिशेब. चार पोर्टांच्या कार्डाला एका दिशेला ४० गिगाबिट हवेत. तिसऱ्या पिढीच्या आठ लेनवर ६३ गिगाबिट मिळतात, जादा खर्च वजा जाता पन्नासच्या आसपास उरतात, म्हणजे इंटेल एक्स७१० चे चार-पोर्टी कार्ड अशा एका स्लॉटात व्यवस्थित चालावे. अशी दोन कार्डे. येथे पिढीचा सापळा लक्षात ठेवावा: लिंक नेहमी दोघांपैकी जुन्या पिढीच्या वेगाने जुळते. दुसऱ्या पिढीचे एक्स५२० तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीच्या चार लेनच्या स्लॉटात घातले तरी १६ गिगाबिटच मिळणार, कारण वेग कार्डाचा आणि लेनची संख्या स्लॉटची, अशी दोन्हींकडची कमतरता एकत्र येते. दुसरा सापळा कार्डाचाच असतो: इंटेलच्या एक्सएल७१० वर ४० गिगाबिटचे दोन पोर्ट असतात, पण ते तिसऱ्या पिढीच्या आठ लेनचे कार्ड आहे आणि दोन्ही पोर्ट मिळून ४० गिगाबिट हीच त्याची मर्यादा आहे. दुसरा पोर्ट तिथे राखीव म्हणून आहे, बेरीज करण्यासाठी नाही.

त्यानंतर प्रत्येक स्लॉट कुठून येतो ते. महापे येथील एका वापरलेल्या सर्व्हरच्या विक्रेत्याकडे आम्ही झिऑन ई५ व्ही४ चा दोन सॉकेटचा सर्व्हर पाहायला गेलो. ‘साहेब, सहा स्लॉट आहेत, अजून किती पाहिजेत?’ असे तो म्हणाला, आणि स्लॉट खरोखरच सहा होते. पण दुसरे सॉकेट रिकामे होते. या प्रोसेसरमधून प्रत्येकी ४० लेन निघतात आणि अशा बोर्डांवर अर्धे स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. तो नसेल तर ते स्लॉट मेलेले. ‘मग दुसरा टाकून देतो’ हे त्याचे उत्तरही आमच्या कामाचे नव्हते. दोन प्रोसेसर झाले की पॅकेट एकाच्या कार्डावर येऊन दुसऱ्याच्या कार्डावरून बाहेर जाते आणि मधला क्यूपीआय दुवा ओलांडते. त्या दुव्याची बँडविड्थ तशी कमी नाही, ९.६ गिगाट्रान्सफरच्या दुव्यावर एका दिशेला १९.२ गिगाबाइट प्रतिसेकंद मिळतात, पण प्रत्येक पॅकेटामागे वेळ वाढतो. शिवाय झिऑन ई५ पासून कार्ड आलेली पॅकेटे थेट प्रोसेसरच्या कॅशमध्ये उतरवते, ती सोय फक्त स्वतःच्या प्रोसेसरच्या कार्डाला मिळते. मोठ्या सर्व्हरमध्ये ही रचना चालवता येते. त्यासाठी कोणते कार्ड कोणत्या नोडवर (प्रोसेसर आणि त्याची मेमरी यांच्या गटावर) आहे हे सिस्टमच्या ‘न्यूमा नोड’ या नोंदीत पाहून इंटरप्ट त्याच बाजूच्या कोरवर बांधावे लागतात. ज्या राउटरचे काम एका प्रोसेसरमध्ये भागते, तिथे हे दुखणे मुद्दाम विकत घेऊ नये, असे माझे मत आहे.

आम्ही शेवटी एका सॉकेटचा एएमडी एपिक ७००२ मालिकेतील सर्व्हर घेतला. त्यात प्रोसेसरमधूनच चौथ्या पिढीच्या १२८ लेन निघतात आणि त्या सगळ्या मधल्या एकाच आय-ओ डायमधून (बाहेरची ये-जा सांभाळणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून) येतात. आधीच्या ७००१ मालिकेत एकाच पॅकेजमध्ये चार डाय असून लेन आणि मेमरी त्यांच्यात विभागलेली असते, त्यामुळे दिसायला एक प्रोसेसर असला तरी आतून चार नोडच असतात. अर्थात १२८ लेन म्हणजे १२८ लेनचे स्लॉट नव्हेत. कित्येक बोर्डांवर त्यांतल्या बऱ्याचशा डिस्कच्या जागांकडे वळवलेल्या असतात. म्हणून विक्रेत्याकडून किमतीच्या आधी आम्ही बोर्डाची आकृती मागितली, ज्यात प्रोसेसर, चिपसेट आणि प्रत्येक स्लॉट यांच्यामधल्या रेषांवर लेनचे आकडे लिहिलेले असतात. ती मिळाली नाही तर मॉडेल क्रमांकावरून पुस्तिका उतरवून घ्यावी. त्या एका पानावर जे कळते ते जाहिरातीच्या दहा पानांत नसते. आकृतीत रायझरही पाहावा, कारण तोच बोर्ड, पण एका रायझरमध्ये १६ लेनचे आठ-आठ असे दोन भाग होतात तर दुसऱ्यात तिसरा स्लॉट देण्यासाठी आठ-चार-चार असे तुकडे केलेले असतात. भरपूर लांब स्लॉट आणि थोड्या लेनचा प्रोसेसर दिसला तर मध्ये पीसीआय एक्सप्रेस स्विच (थोड्या लेन अनेक स्लॉटांत वाटणारी चिप) आहे असे समजावे आणि त्याच्या वरच्या बाजूची लिंक किती लेनची आहे ते विचारावे.

मेमरीबद्दल थोडक्यात: वापरलेल्या सर्व्हरमध्ये बहुधा मोठ्या क्षमतेच्या दोनच पट्ट्या असतात, त्यामुळे चार किंवा आठ चॅनेलपैकी दोनच चालतात. प्रत्येक पॅकेट मेमरीत लिहून पुन्हा वाचले जात असल्याने, क्षमता तीच ठेवून लहान पट्ट्या जास्त घ्याव्यात आणि सगळे चॅनेल भरावेत.

पैसे देण्याआधी आम्ही तिथेच दोन तास चाचणी केली. पेन ड्राइव्हवर लिनक्स, आमची दोन कार्डे आणि लहान पॅचकॉर्ड एवढेच सोबत नेले होते. प्रत्येक स्लॉटात कार्ड घालून जुळलेल्या लेन आणि वेग लिहून घेतले, आणि एका स्लॉटात आठऐवजी चार लेन निघाल्यावर रायझर बदलून घेतला. मग पोर्टांना एकमेकांशी जोडून प्रत्येक पोर्ट वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्समधल्या स्वतंत्र नेटवर्कच्या कप्प्यात) टाकला, कारण तसे न केल्यास लिनक्स पॅकेट तारेवर पाठवतच नाही, आतल्या आतच पोचवते आणि आकडे भलतेच छान येतात. वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ च्या अनेक प्रती दोन्ही दिशांना, सगळ्या पोर्टांवर एकाच वेळी चालवल्या. एकेक पोर्ट तपासून काही उपयोग नाही. आमचा जुना सर्व्हरसुद्धा एकेक पोर्ट तपासला असता तर उत्तीर्णच झाला असता.

नवे यंत्र आता वागळे इस्टेटमध्ये चालू आहे आणि अपलिंक व ग्राहकांचे पोर्ट दोन्ही कार्डांवर मिसळूनच लावलेले आहेत, जरी आता त्याची गरज उरलेली नाही. पुढच्या टप्प्यात एक पुरवठादार १०० गिगाबिटचा पोर्ट देणार आहे, त्यासाठी मेलॅनॉक्सचे दोन पोर्टांचे कनेक्टएक्स-५ घेऊन ठेवले आहे. ते तिसऱ्या पिढीच्या १६ लेनचे कार्ड असल्याने त्याला एका दिशेला १२६ गिगाबिट मिळतात. एका पोर्टाला तेवढे पुरतात, दोन पोर्टांना पुरत नाहीत. दोन्ही पोर्ट पूर्ण वेगाने हवे असते तर चौथ्या पिढीचा ‘ईएक्स’ प्रकार लागला असता आणि स्लॉट त्याला तयार आहे. सध्या एकच पोर्ट जोडायचा असल्यामुळे दुसऱ्या पोर्टावरची रबरी टोपी तशीच ठेवली आहे, आणि तिच्यावर रात्रपाळीच्या मुलाने मार्करने फुली मारली आहे.